आवाज नंतर भरायचा

२ फेब्रुवारी १९९९, केदारखेडा

दीड महिन्याचे काम संपत आले. एक प्रसंग उरला आहे. तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यात कचरूचे मुंडण आहे.

चित्रपटात म्हातारा मरतो. तो मरायच्या आधी मुलाने त्याची शेळी बाजारात विकलेली असते. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही. मुलगा हात जोडून म्हणतो, 'आबा, शेळीला घरी आणतो.' कावळा शिवतो. चित्रपट संपतो. हे सगळे मला एका शॉटमध्ये हवे आहे. मुलाचा चेहरा, पिंड, कावळा. मध्ये कात्री नाही.

आम्ही जैन. आमच्या घरी पिंड नसतो. हा विधी मी आधी पुस्तकात वाचला, मग अनोळखी लोकांच्या दहाव्यांना जाऊन मागे उभा राहून पाहिला.

पहिल्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. आज पन्नास. मधली वर्षे मालिकांत गेली. त्र्याण्णवच्या एका मालिकेत असाच प्रसंग होता. पाय बांधलेला कावळा आणला होता. वर्तमानपत्रांनी मालिकेची स्तुती केली. भोकरदनहून एक पोस्टकार्ड आले. 'कावळ्याच्या पायाचा दोरा दिसला.' एवढेच. खाली सही नव्हती. त्या पोस्टकार्डानंतर मी आणखी चार मालिका केल्या.

हा चित्रपट पडला तर पुढचा मिळणार नाही. यावेळी दोरा नको.

३ फेब्रुवारी

म्हाताऱ्याचे काम रखमाजी करतो. वय पंचाहत्तर. जालन्यात माझ्या वडिलांच्या आडतीवर तो कापूस घेऊन यायचा. मला अजून रतनशेठ म्हणतो. मुलाचे काम त्याचाच मुलगा कचरू करतो. दोघांनी आधी कॅमेरा पाहिलेला नव्हता.

मुंडणाला कचरू तयार होता, मिशीला नव्हता. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. न्हाव्यानेही वस्तरा धोकटीतून बाहेर काढला नाही. मी म्हटले, मिशी राहू दे. पण ते खोटे दिसले असते.

रखमाजी पारावरून उठून आला.

"काढ रे. मी सांगून राह्यलो ना."

"आबा, लोक काय म्हणतील?"

"बाप मेला म्हणतील. मंग? पिक्चरात मेलोच की मी."

कचरू बसला. मिशी गेल्यावर त्याने हात ओठावर नेला, तिथे काही सापडले नाही, हात खाली आणला. त्या वेळी कॅमेरा चालू नव्हता याचे वाईट वाटले.

४ फेब्रुवारी

पहाटे साडेसहाला पूर्णेच्या पात्रात. तीन दगड, पत्रावळ, भाताचा पिंड, त्यावर दही. भात खरा, शिजवलेला. कचरू ओल्या धोतरात उभा. रखमाजीचा फोटो हार घालून ठेवला होता. स्वतः रखमाजी बाभळीखाली तंबाखू मळत आपला दहावा पाहत बसला होता.

विधी बद्रीनाथ महाराज सांगतात. आसपासच्या पाच गावांचे काम तेच करतात. त्यांची एक अट आहे. जित्या माणसाचे नाव आणि गोत्र घेणार नाही. त्या जागी नुसते पुटपुटणार. मी म्हटले, चालेल. आवाज नंतर भरायचा आहे.

हे त्यांना समजावून सांगावे लागले. आमचा कॅमेरा चालताना शिवणयंत्रासारखा वाजतो. त्यामुळे नदीवर कोण काय बोलले ते चित्रपटात राहत नाही. माझी सहायक सत्यशीला ते एका कॅसेटवर घेऊन ठेवते, फक्त ओठांचा हिशेब कळावा म्हणून. पुढे मुंबईत पडद्याकडे पाहत पुन्हा बोलायचे. महाराजांनी एवढेच लक्षात घेतले की नाव घ्यायची गरज नाही.

दहापर्यंत थांबलो. भात वाळला. कावळा आला नाही.

मागे बघ्यांत कचरूचा भावकीतला भाऊ धर्मराज होता.

"कावळ्याला बराबर समजतंय. मेलाच न्हाई तं शिवंल कसा?"

"मंग काय, आबाला मारावं का आता?" कचरू म्हणाला.

सगळ्यात मोठ्याने रखमाजी हसला.

५ फेब्रुवारी

नाही आला.

७ फेब्रुवारी

कालही नाही, आजही नाही.

सत्यशीला पात्रातून चालत पलीकडे जाऊन आली. ती माझ्याबरोबर नऊ वर्षे आहे. मागच्या शॉटमध्ये माणसाची कोणती बाही वर होती हे तिच्या वहीत असते. तिने सांगितले की पलीकडच्या चिंचेवर कावळे पुष्कळ आहेत आणि झाडाखाली भाकरीचे तुकडे पडले आहेत.

"रोज कोणीतरी टाकतं, सर."

मी म्हटले, गडीमाणसे न्याहारी करून उरलेले टाकत असतील.

"उरलेलं वाटत नाही. अख्खी भाकर चुरली आहे. कोमट होती."

बद्रीनाथ महाराजांनी उपाय सुचवला.

"कावळा न्हाईच आला तं दर्भाचा करायचा, साहेब, अन् शिववायचा. शास्त्रात हाय. आमी करतोच की."

शास्त्राला चालते. मला चालत नाही. माझा हट्ट आहे की तत्त्व, हे मला अजून सांगता येत नाही. कॅमेरा सोळा तारखेला परत द्यायचा आहे.

८ फेब्रुवारी

पहाटे नदीकडे जाताना रखमाजी भेटला. पलीकडून येत होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातात रिकामे फडके.

"कुठं गेल्ता, रखमाजी?"

"कुत्र्याला भाकर टाकाया."

मुक्या जनावरांची त्याला ओढ आहे. मी केलेली त्याची निवड चुकली नाही.

कावळा आला नाही. फिल्मचे चार डबे उरले.

९ फेब्रुवारी

गावात वेगळीच चर्चा सुरू झाली आहे. कचरूच्या बायकोने, उषाबाईने, सत्यशीलेला सगळे सांगितले. सत्यशीलेने मला.

कचरूला एकच बहीण, सोनूबाई. रखमाजीची ही दोनच लेकरे. अकरा वर्षांपूर्वी सोनूबाई सासरचे घर सोडून निघाली आणि आष्टीला एका एस.टी. ड्रायव्हरबरोबर तिने संसार मांडला. ड्रायव्हर परजातीचा. कचरूने तिच्या नावाने पाणी सोडले. तेव्हापासून घरात तिचे नाव निघत नाही. रखमाजी एकदाच चोरून आष्टीला जाऊन आला. परतूरच्या डोळ्यांच्या शिबिराला जातो असे घरी सांगितले होते. कचरूला पुढे कळले. तो बापाशी चार महिने बोलला नाही.

आता लोक म्हणतात, रखमाजीचा जीव लेकीत अडकलाय, म्हणून कावळा शिवत नाही.

मी म्हटले, "अहो, रखमाजी जिवंत आहे. तुमच्यासमोर बसला आहे."

धर्मराज म्हणाला, "त्यानं काय व्हतंय, साहेब? जीव तं अडकलाच हाय."

हा विचार मला आवडला. टिपून ठेवतो. चित्रपटाशी त्याचा संबंध नाही.

संध्याकाळी रखमाजी आमच्या मुक्कामावर आला. आम्ही सोसायटीच्या गोदामात राहतो. युरियाचा वास येतो म्हणून तो दारातच बसला.

"रतनशेठ, शेळीसाठी कुठं कावळा येत असतोय का?"

"गोष्टीत शेळीच आहे."

"तुमी लिहिलं. कावळ्यानं न्हाई वाचलं."

मी हसलो. तो हसला नाही.

"बद्रीनाथाला माझं नाव घ्यायला लावा. गोत्र घ्यायला लावा. अन् कचरूला मनचं बोलू द्या. तुमचा आवाज तं मुंबईत भरायचाय ना?"

मी विचार केला. कचरू शेळीची ओळ पाढ्यासारखी म्हणतो. त्याचे स्वतःचे शब्द असतील तर चेहरा बदलेल. मला चेहरा हवा आहे. आवाज कसाही काढूनच टाकायचा आहे. कोणाचे काही नुकसान नाही. मी हो म्हटले.

बद्रीनाथ महाराजांना बोलावले. ते रखमाजीकडे पाहून म्हणाले,

"मंग ते खरंच व्हईल, रखमाजी."

"व्हऊ द्या. नाव माझं हाय. मी देऊन राह्यलो."

१० फेब्रुवारी

नाव घेतले. गोत्र कोणाला ठाऊक नव्हते, काश्यप धरले. नदीच्या पात्रात 'रखमाजी' हा शब्द ऐकू आला तेव्हा बघ्यांतल्या दोन बायका उठून गेल्या. बाभळीखाली रखमाजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी कचरूला सांगितले होते, तुला वाटेल ते बोल. तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, शेळीला घरी आणतो."

मागून धर्मराज. "शेळी न्हाई, कचरू. शेळी न्हाई."

लोक हसले. कचरूने हातातला तांब्या पाण्यात फेकला आणि चढ चढून घरी गेला. तांब्या बद्रीनाथ महाराजांचा होता. तो शोधण्यात अर्धा तास गेला.

दोन डबे उरले.

१२ फेब्रुवारी

काल आणि आज काम नाही. कचरू घराबाहेर पडला नाही.

संध्याकाळी उषाबाई चहाची किटली घेऊन आली.

"दोन दिस झाले, जेवले न्हाईत. भिताडाकडं तोंड करून बसल्यात. आत्ता म्हणले, उद्या जातो नदीवर. बोलतील असं वाटून राह्यलं. मामंजीलाबी सांगितलं मी तसं."

मी विचारले, साडेसहाला येईल ना. ती म्हणाली, येतील. मला तेवढेच हवे होते.

१३ फेब्रुवारी

मिळाला.

रखमाजी आज आमच्याही आधी काठावर येऊन बसला होता. धोतर कोरडे, हात रिकामे. सात वाजता महाराजांनी नाव आणि गोत्र घेतले. सात वाजून सहा मिनिटांनी मी कॅमेरा सुरू करायला सांगितले. कचरू हात जोडून उभा. त्याच्या जबड्याचे हाड हलताना दिसत होते. मग तो बोलला. मोठ्याने नाही.

"आबा, सोनीला घरी आणतो. दिवाळीला आणतो. चोळी-बांगडी करतो. आता शिव."

मी मनात आकडे मोजत होतो. चाळीसला पलीकडच्या चिंचेवरून कावळा निघाला. एकटा नव्हता, मागून तीन आले. पहिल्याने चोच मारली ती पिंडाच्या मध्यावर. नुसता शिवला नाही, खात राहिला. उपाशी असावा. शॉट एक मिनिट पन्नास सेकंदांचा. कॅमेरामनने माझा हात हातात घेतला. आम्ही कॅमेऱ्यातला फिल्मचा मार्ग तपासला, एक कणही अडकलेला नव्हता.

कॅमेरा बंद झाल्यावरही कचरू तसाच उभा होता. रखमाजी उपरण्यात तोंड घालून बसला होता. उन्हाचा त्रास होत असावा. तेव्हा सव्वासात झाले होते.

१४ फेब्रुवारी

सामान गाडीत चढत असताना कचरूने पारावर बोलावले. पंधरा-वीस माणसे जमली होती. रखमाजी आणि बद्रीनाथ महाराजही होते. वाद चालू होता.

धर्मराज म्हणाला, "नाव घेतलं, गोत्र घेतलं, पिंड ठिवला, कावळा शिवला. शब्द दिला तं दिला."

"पिक्चर व्हतं ते," कचरू म्हणाला.

"मिशी पिक्चरात गेली का खरी गेली?"

लोक हसले. कचरूने माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुमच्या मशीनीत माझा आवाज हाय का?"

"कॅमेऱ्यात आवाज येत नाही."

"ह्यांना सांगा. जोरानं सांगा."

मी सांगितले. कॅमेऱ्यात फक्त चित्र येते. कचरू नदीवर जे बोलला ते चित्रपटात असणार नाही. मुंबईत दुसरा माणूस शेळीची ओळ बोलेल. सोपी उदाहरणे दिली. सगळ्यांना समजले असे वाटले. जे होते तेच मी सांगितले.

"झालं?" कचरू लोकांना म्हणाला. "मी काईच बोललो न्हाई."

रखमाजी पाराला हात टेकून उठला.

"रतनशेठ, तुमच्या वडलांच्या तराजूवर मी कधी संशय घेतला न्हाई," असे म्हणून तो घराकडे गेला.

वडिलांचा यात काय संबंध, ते कळले नाही. विचारायला हवे होते. पण गाड्या निघायच्या होत्या.

२२ मार्च, मुंबई

संकलन. नदीचा शॉट पडद्यावर तिसऱ्यांदा पाहिला. आवाजाशिवाय. गेल्या पंधरा वर्षांत मी असे काही केले नव्हते.

एका वाहिनीचा माणूस भेटून गेला. रोजची मालिका, दोनशे साठ भाग. मी नाही म्हटले. गाडीत बसल्यावर वाटले, घाई केली.

३ जून

आवाज भरायचे काम सुरू. कचरूला मुंबईला बोलावले होते. तो आला नाही. निरोप पाठवला की कोणाकडूनही बोलून घ्या, माझी हरकत नाही.

रखमाजीचे पत्र आले. अक्षर उषाबाईचे असावे.

'कचरूचे बोलणे हाय तसे ठेवावे. बदलू नये. आमची आता उमर झाली. पोरीला आमी सांगितले हाय की तुझा भाऊ पिक्चरात बोलला. ती इकती वर्षे वाट पाहून राह्यली. पत्राचे उत्तर द्यावे.'

सत्यशीलेने पत्र वाचले आणि नदीवरची कॅसेट लावली. कॅमेऱ्याची घरघर आणि त्यातून कचरूचा आवाज. 'सोनीला घरी आणतो.'

"हाच ठेवा, सर."

"घरघर ऐकू येते."

"येऊ दे."

"सोनी कोण? चित्रपटात सोनी नाही. प्रेक्षक बुचकळ्यात पडेल."

"मग सोनी घाला. एक वाक्य पुरेल. सुरुवातीला कुठंही."

मी म्हटले, गोष्ट शेळीची आहे. तिच्यात बहीण आणली की ती मालिका होते. मी मालिका सोडून आलो आहे.

ती म्हणाली, "दोरा तुम्हाला फक्त कावळ्याच्या पायाला दिसतो."

बोलणे कठोर होते. पण कामाच्या दिवसांत सगळेच थकलेले असतात.

४ जून

पुण्याचा एक नट आला. आवाज उत्तम, खालच्या पट्टीतला. 'सोनीला' आणि 'शेळीला', ओठांची उघडझाप जवळजवळ सारखी आहे. दुसऱ्याच प्रयत्नात बसले. दिवाळी आणि चोळी-बांगडीच्या जागी श्वास आणि नदीचा आवाज घातला. कचरूची मान तेव्हा वळलेली असल्यामुळे ओठ दिसत नाहीत. हे नशीब.

सत्यशीला आली नाही. दुपारी तिची वही एका माणसाबरोबर आली. शेवटच्या पानापर्यंत नीट भरलेली होती.

रखमाजीला उत्तर लिहायचे राहिले.

१८ जुलै २०००

सकाळपासून फोन. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. परीक्षकांनी शेवटच्या प्रसंगाचा वेगळा उल्लेख केला आहे. 'तडजोड न करणारे सत्य' असे त्यांचे शब्द आहेत.

सत्यशीलेला फोन केला. तिच्या आईने सांगितले, ती बाहेर आहे. दोनदा.

११ जानेवारी २००१, केदारखेडा

गावाने सत्कार ठेवला. जालन्याहून भाड्याचे मशीन आणले, शाळेच्या मैदानात कापड बांधले. सहाच्या एस.टी.ने आणि बैलगाड्यांतून आसपासची माणसे आली. मला, रखमाजीला आणि कचरूला शाल-नारळ. कचरूची मिशी पूर्वीपेक्षा दाट आली आहे. रखमाजी वाकला आहे. त्याने मला नमस्कार केला, पत्राचे विचारले नाही. खुर्चीत बसल्यावर तो पडद्याकडे पाठ करून पुन्हा पुन्हा मागे पाहत होता.

सात वाजता सुरू केले. बायकांच्या बाजूला लिंबाखाली एक बाई पिशवी घेऊन उभी होती. तिची सावली पडद्याच्या कोपऱ्यावर पडत होती. बसायला सांगितले तर ती दोन पावले मागे सरकली, बसली नाही.

लोक चित्रपट पाहत नव्हते, माणसे ओळखत होते. हा अमक्याचा बैल, ती तमक्याची भिंत. मला सवय आहे. शेवटी मात्र सगळे गप्प झाले. नदी आली. कचरूचा चेहरा आला. कापडावर तो आठ फूट उंच होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पुण्याच्या नटाच्या आवाजात तो म्हणाला, "आबा, शेळीला घरी आणतो."

मग धर्मराजचा आवाज.

"कचरू, सोनीची शेळी केली का रे?"

हसू पुरुषांकडून सुरू झाले आणि बायकांपर्यंत गेले.

कचरू उठला. शाल खुर्चीवर राहिली. त्याची सावली कापडावर पडली आणि पिंड झाकला गेला.

"हा आवाज माझा न्हाई."

"आरं, तूच तं म्हणल्ता, मी बोललोच न्हाई," धर्मराज म्हणाला. "आता कोन बोलतंय तुझ्या तोंडातून?"

"दुसराच हाय कोन तरी. मी शेळी म्हणलो न्हाई. सोनी म्हणल्तो." तो पुढच्या रांगेकडे वळला. "महाराज, तुमी व्हते तिथं."

"व्हतो," बद्रीनाथ महाराज म्हणाले.

"मंग सांगा ह्यांना."

"सोनीच म्हणल्ता."

"पिक्चर व्हतं ना पण ते?" धर्मराज म्हणाला. यावेळी तो हसत नव्हता.

"पिक्चर तिकडं हाय." कचरूने मागे न पाहता कापडाकडे हात केला. "हे मी बोलून राह्यलो. सोनीला घरी आणतो. बिलकुल आणतो. घ्या, ऐकलं सगळ्यांनी?"

कोणी हसले नाही. या वेळात कावळा येऊन गेला होता. शेवटची चाळीस सेकंदे कोणीच पाहिली नाहीत. सगळ्यांच्या माना मागे, लिंबाकडे वळल्या होत्या. मीही पाहिले. तिथे ती बाई होती, तिची पिशवी खाली पडली होती आणि रखमाजी काठी न घेता तिकडे चालला होता.

मशीनवाल्याला मी रीळ मागे घेऊन शेवट पुन्हा दाखवायला सांगितले. त्याने दाखवला. पण लोक उठले होते. पडद्यापुढे मी आणि तिघे-चौघे म्हातारे होतो. एकाने विचारले, कावळा पाळीव होता का.

मी नाही म्हटले. त्याला ते खरे वाटले नाही.

१२ जानेवारी

सकाळी निघण्यापूर्वी कचरूच्या घरी चहा. अंगणात सडा होता. उषाबाई चुलीपुढून उठली नाही. तिने आत हाक मारली, "वन्सं, साहेबाला साखर कमी घाला हो."

एक उंच बाई कपबशी घेऊन आली. चहा फार गोड झाला होता. आतून उषाबाई म्हणाली, "कमी सांगितली व्हती." बाई म्हणाली, "माझ्या हाताला इथला डबा ठाव न्हाई राह्यला." दोघी हसल्या.

कालच्या प्रकाराबद्दल कचरू माफी मागेल असे वाटले होते. त्याने विचारले, "साहेब, तो आवाज आता बदलता येतो का?"

मी सांगितले की निगेटिव्ह कापलेले आहे, प्रती बाहेर गेल्या आहेत. आता काही बदलता येणार नाही. आणि गोष्टीच्या दृष्टीने शेळीच बरोबर आहे. हे त्याला थोडे समजावूनही सांगितले.

"ऱ्हाऊ द्या मंग," तो म्हणाला. "आता काय गरज न्हाई."

पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाविषयी असे बोललेले मी प्रथमच ऐकले.

रखमाजीचा निरोप घ्यायला आत डोकावलो. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आठ वाजून गेले होते. उठवू का, असे मी विचारले. कप उचलायला आलेल्या त्या बाईने ओठांवर बोट ठेवले.